शेरा

अजमानमध्ये संध्याकाळचे सात.
टायरच्या दुकानावरचा दुसरा मजला, एसीखाली बादली.
तिकडे, अमेरिकेच्या आखातावर, सकाळचे दहा वाजलेत.
मी लॅव्हेल काउंटी उघडतो.
सात आठवडे हाच किनारा गिरवतो आहे,
न पाहिलेला.

आधी पाण्याचा लेयर.
खाजण, वाळूचा दांडा, दांड्याआडची उथळ खाडी:
हे शब्द माझे. त्यांच्या यादीत या सगळ्याला
नुसता आकडा आहे, चारशे अकरा.
खाली १९३४ चा नकाशा, वर नवा उपग्रहफोटो,
दोन किनाऱ्यांमध्ये एकशे चाळीस फुटांची पट्टी,
आणि तिच्यात एक रस्ता
नाकासमोर चालत जाऊन पाण्यात शिरतो.
कुणी त्याला हाक मारल्याचं दिसत नाही.

इतिहास पीडीएफमध्ये, वाकडा स्कॅन झालेला.
आधी इथे कालवं खाणारी माणसं होती.
त्यांच्या शिंपल्यांचे ढीग उरले, दोन पुरुष उंच.
पुढे ते फोडून रस्त्याला घातले.
माणसांचं नाव एका ओढ्याला आहे,
तेही स्पेलिंग चुकवून.
मग गुरं, मग कापूस, मग बंदर.
१८६० च्या तक्त्यात मळेवाल्यांची नावं, ठसठशीत,
आणि प्रत्येकाखाली:
पुरुष, २६. स्त्री, १९. मुलगी, ४.
नावाचा रकानाच नाही.
पान सुटलं असेल म्हणून मी मागे जाऊन पाहिलं.
सुटलं नव्हतं.

नौशादने चहा आणला. तो कासरगोडचा,
त्याच्याकडे रस्ते आणि पूल.
म्हणाला, तुझ्या काउंटीत आता माणसं किती?
चार हजार एकशे बारा, मी म्हटलं,
कोळंबीच्या बोटी विकून पोरं शहराकडे चाललीत,
धक्क्यावर आता बरेचसे व्हिएतनामी.
"म्हणजे आपल्या गल्लीएवढी,"
तो म्हणाला, आणि साखर ढवळत राहिला.

आपल्या गल्लीची मोजणी मार्चमध्ये झाली.
दारात टॅब घेतलेली मुलगी, फार नम्र,
आणि आम्ही तोंड उघडायच्या आत
वॉचमन लाल गुल बोलून गेला: सहा.
आम्ही अकरा.
सहाच्या वर दंड पडतो. मालकाला, म्हणजे आम्हाला.
मी बाथरूममध्ये होतो, तोंडाला साबण.
नळ बंद करून तसाच उभा राहिलो
तिची पावलं जिना उतरेपर्यंत.

देवगडला मात्र मी आहे.
रेशनकार्डावरून नाव कमी करायला
पुरवठा खात्याचा माणूस आला होता.
आई त्याला म्हणाली,
असा तो. वायच भायर गेलो हा.
चौदा वर्षं.

आज शेवटचा बिंदू. पोर्ट कॅल्डर.
टपाल कचेरी होती, दोन चर्च, बर्फाचा कारखाना.
आयझॅक प्रूडोम नावाचा कारकून
बोटींच्या वेळा खडूने फळ्यावर लिहायचा,
आणि फळ्याचा फोटो आहे,
त्यात गुरुवारची बोट अजून यायची आहे.
मग अकरा वर्षांत दोन वादळं.
लोकसंख्या: शून्य.
नियम क्रमांक नऊ सांगतो,
शून्य असेल तर बिंदू काढून टाका,
राखायचा असल्यास शेऱ्यात कारण द्या.

मारिविक खुर्चीमागे येऊन उभी. संपलं?
एक मिनिट, म्हटलं.
शेऱ्याच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
मी टाइप केलं, आपल्या लिपीत.
त्यांच्या प्रोग्रॅमला ती कळत नाही,
नुसते चौकोन उमटले,
ओळीने, मध्ये मध्ये जागा सोडून,
खूप वरून पाहिलेल्या छपरांसारखे.

फाइल सेव्ह केली.
बादली भरली होती, ती ओतून आलो.